कितवा भाग

मुजीबच्या दुकानातून जुना कन्सोल आणला
तेव्हा चार डिस्का फुकट मिळाल्या,
तिसरीवर ओरखडा,
पहिलीचं कव्हर उंदरानं कुरतडलेलं.
पैसे मोंढ्यातल्या आडतीवर
दोन उन्हाळे हिशेब लिहून जमवलेले.

मी चारही भाग ओळीनं खेळलो,
दहावी ते बीएस्सीचं दुसरं वर्ष,
म्हणून ओळ म्हणजे ओळ.
मुळाक्षरं कुणी घ पासून सुरू करतं का?

मग दादाचं लग्न झालं.
शिवलीला वहिनी देगलूरहून उदगीरला आली
आणि महिनाभरानं एका दुपारी,
सगळे आडवे झाल्यावर,
दारात उभी राहून म्हणाली,
"काय खेळूलालाव भाऊजी? मला द्या की."
आणि सरळ चौथी डिस्क उचलली,
कव्हरवर निळा डोंगर होता म्हणून.

मी म्हणालो, थांबा, असं नसतं.
आधी पहिला भाग.
नाहीतर कळणारच नाही
हा राजा कुणाचा पोरगा,
ती पुलावरची बाई का बोलत नाही,
ओरेन कोण होता.
पहिल्यात माणसं ठोकळ्यासारखी आहेत,
उडीचं बटण वेगळं,
सुरुवातीचे तीन तास नुसत्या मेंढ्या हाकायच्या,
पण ते सोसावं लागतं.
(शिकवणीच्या सरांसारखं माझं बोट हवेत होतं.)

तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला.
"तुमच्या घरात मी कितव्या भागात आले ओ?"

कूलरच्या टाकीत पाणी टपटपत होतं.

"शरणप्पा काकाच्या घरी चहा पिऊन आले,
तर सासूबाई दोन दिवस गप्प.
जिन्याखालची हिरवी सायकल पुसली,
हवा भरून आणली,
रात्री सांगितलं तर सगळ्यांचे घास थांबले.
मला कुणी पहिला भाग लावून दिलता?
तरी खेळूलालेच की."

मी डिस्क आत सरकवली. चौथी.

अकरा वेळा ती त्याच कड्यावरून पडली.
बाराव्यांदा कोरड्या विहिरीपाशी पोचली
जिथं झाडाला एक गंजका कंदील आहे.
मी तिथून नेहमी पळत जायचो,
मागून आडवाट आहे, चाळीस सेकंद वाचतात.
ती थांबली.
"इथं कोणतरी गेलंय."
तुम्हाला कसं कळलं?
"कंदील एवढ्या खाली कोण टांगतं?
बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असा."

दुसरा भाग मी चार वेळा संपवलाय.
ओरेन तिथंच मरतो, विहिरीला टेकून.
कंदिलाची उंची
मी कधी बघितली नव्हती.

त्या संध्याकाळी मी तिला सायकलचं सांगितलं.
सुरुवातीपासून नाही,
शेवटाकडून,
मला तसंच येत होतं.
मधले दोन तुकडे तिनंच जुळवले,
एक चुकीचा जुळवला,
तो मी तसाच राहू दिला.

पोळ्याच्या आसपास तिचा चौथा भाग संपला.
दुसऱ्या दिवशी तिनंच
उंदरानं खाल्लेलं कव्हर उघडलं.
ठोकळ्यासारखा डोंगर, ठोकळ्यासारख्या मेंढ्या,
आणि वळणावर, हातात नवाकोरा कंदील घेतलेला,
लंगडा ओरेन.

"अगं माय! हा तर जिता हाय!"

एवढ्या मोठ्यानं ओरडली
की आई झोपेतून उठून बसली.

मग ती खेळेना.
म्हणजे खेळायची,
पण दोन पावलं टाकली की थांबायची,
तो लंगडत मागून येईपर्यंत.
मेंढ्या पुढं, पार नदीत.
मी म्हणालो, वहिनी, तो आपोआप येतो,
त्याच्यासाठी थांबायचं नसतं.
"तुम्हाला ठाव नव्हतं तवा," ती म्हणाली,
"मला ठाव हाय ना."

पडद्यावर लाल अक्षरं आली, मिशन फेल.
तिनं परत सुरू केलं.
दोन पावलं.
थांबली.